भुशाची चाळीस पोती

१९५१च्या उन्हाळ्यात आमगावजवळच्या आमच्या गावात सिनेमा निघाला. पूर्ण निघाला नाही, पण निघाला. राइस मिलवाल्या केशोरावांनी नागपूरहून किल्लीचा जुना कॅमेरा आणला होता आणि साठेबाजांचं पितळ उघडं पाडायचं ठरवलं होतं. स्वतःचे वडील सोडून, असं ते म्हणाले नाहीत. ते आम्हीच समजून घेतलं.

साठेबाजाच्या गोदामात पोती हवीत. धान महाग, भुसा मिलीत फुकट. सामान बनवायचं काम कवडूकडे आलं, कारण दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकात, भोपळ्यांतून रावणाची दहा तोंडं काढणारा तोच. गोदाम म्हणून त्याच्याच घरची एक खोली ठरली.

कवडूनं चाळीस पोती भुशानं भरून शिवली. मी हमाल झालो होतो. पहिलंच पोतं मी उशीसारखं उचललं, तर केशोराव कडाडले, "अबे, हमाल है कि पहलवान?" मग कवडूनं पोती उसवून प्रत्येकाच्या तळाला धानाच्या बांधीतली माती घातली. पुढच्या प्रसंगात नायक पोत्यात परखी, म्हणजे धान्य तपासायची टोकदार नळी, खुपसणार आणि धान घळघळणार होतं. नायक कोणत्या पोत्यापाशी थांबेल याचा भरवसा नव्हता. म्हणून कवडूनं प्रत्येक पोत्यात तागाच्या आड पसाभर धान दडवलं आणि बाहेरून नेमक्या जागी कोळशाचा टिपका दिला.

शेजारचा दुधराम दोन दिवस कुडावरून पाहत होता.

"कायले भरून राहिला बे एवढी पोती?"

"सिनेम्यासाठी. भुसा होय."

"भुसा कोणी शिवते?"

"आमी शिवतो."

दुधराम "हो, हो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन तालुक्याच्या दिशेनं गेला.

त्या खोलीत एक्केचाळिसावं पोतंही होतं. त्यात कवडूचं बियाणं होतं. बियाण्याला लेव्हीतून, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीतून, सूट होती, पण साठेबाजाला कसलीच सूट नव्हती. ते पोतं गेलं असतं, तर कवडूच्या चार एकरांत त्या वर्षी फक्त बेडकं पिकली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुरवठ्याचे साहेब दोन शिपाई आणि चार बैलगाड्या घेऊन उतरले. साहेब शहरातले, चेहरा असा की स्वतःच्या सावलीलाही परवाना विचारतील.

"हे काय?"

"भुसा जी," कवडू म्हणाला. "सिनेम्याचा. खरं धान त्या कोपऱ्यातल्या एकाच पोत्यात हाये. बियाणं होय."

साहेब हसले. ज्या माणसाला विचारण्याआधीच खरं सांगितलं जातं, तो माणूस असाच हसतो. त्यांनी एका शिपायाला पोतं उचलायला लावलं. शिपाई कण्हला. मग साहेबांना कोळशाचा टिपका दिसला.

"ही खूण कसली?"

"तिथं परखी मारायची," मी सांगितलं.

"खुणा करून ठेवल्यात!" साहेबांनी टिपक्यावर परखी मारली. धान घळघळलं. दुसरं पोतं, तिसरं, सातवं. सगळीकडे धान.

"आणि आता तुमचं बियाणं बघू." त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यात वरच्या बाजूला परखी खुपसली. नळीतून राख आली, सोबत कडुनिंबाची वाळकी पानं.

"ही तर राख!"

"वरून घालाच लागते जी, किडीसाठी," कवडू म्हणाला.

"किडीला राख खाऊ घालता? मला फसवायला हे एकच पोतं दाखवताय, काय? चाळीसही पोती गाडीवर चढवा!"

कवडूनं पुन्हा तोंड उघडलं. त्याची बायको रुख्मा दारातूनच म्हणाली, "तुमी चूप बसा. साहेब शिकलेले हायेत."

पोती गाड्यांवर चढली. इथवर सगळं निभावलं होतं. पण दाराबाहेरून हे सगळं टिपणारे केशोराव कॅमेऱ्याला पुन्हा किल्ली देऊन आत आले.

"साहब, गजब सीन था! पण उजेड कमी पडला. त्या कोपऱ्यातल्या पोत्यावर खिडकीचा उजेड येते. एकदा और, परखी जरा खोल घाला."

साहेबांनी टोपी सारखी केली, मिशीवरून बोट फिरवलं आणि परखी उचलली. कवडूचा चेहरा पोत्यातल्या राखेसारखा झाला. आणखी वीतभर नळी आत गेली असती, तर बियाणं बाहेर आलं असतं.

रुख्मा चालत गेली आणि त्या पोत्यावर बसली.

"माझा बी फोटू काढा."

"बाई, उठा," साहेब म्हणाले.

"काऊन? सिनेम्यातल्या बाया उभ्याच राहतात का जी?"

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा दाराबाहेरच्या गाड्यांकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"समजलं. मला इथं फोटोत गुंतवायचं आणि तिकडे गाड्यांवरून धान उतरवून घ्यायचं!" ते तसेच बाहेर धावले. मागून केशोराव, "साहब, साहब, एक ही मिनट!" करत.

चाळीस पोती माती, भुसा आणि पसापसा धान घेऊन गाड्या तलावाच्या पाळीवरून दिसेनाशा झाल्या. रुख्मा उठली नाही. कवडूनं लोट्यात पाणी आणून दिलं. तेही ती बसल्या बसल्याच प्याली.

"गेले ना ते," कवडू म्हणाला. "आता तरी उठ."

"कुडावर पाहा," ती म्हणाली. "दुधराम अजून उभा हाये."