कार्डावरची चार वर्षं

लेकीने मस्कतहून फोनवर अट घातली तेव्हा धर्मा घाडी चहात खारी बुडवत होता. अट साधी होती. दोघांचा प्रवासविमा काढल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही. ती ऐकेपर्यंत खारी विरघळून कपाच्या तळाशी गेली.

उज्ज्वलाला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस राहिले होते. जावयाने तिकिटं पाठवली होती, व्हिसा आला होता, आणि लालबागच्या त्या दोन खोल्यांत महिनाभर मेथी, डिंक आणि तूप यांच्याशिवाय दुसरा वास नव्हता. पण मस्कतला तिच्या शेजारणीचा सासरा अचानक आजारी पडला, आठ दिवस इस्पितळात राहिला, आणि त्याच्या बिलाचा आकडा ऐकून अख्ख्या बिल्डिंगची झोप उडाली.

"बाबा, विमा नसेल तर येऊच नका," उज्ज्वला म्हणाली. "बाळंतपणात मी माझं बघू की तुमची काळजी करू?"

जायला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी धर्मा बँकेत गेला. आता ही बँक कुठे, तर ज्या गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामात, त्याने चोवीस वर्षं काढली, जी संपात बंद पडली ती पुन्हा कधी उघडलीच नाही, तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या तळमजल्यावर. पूर्वी जिथे गेट होतं तिथे आता काचेचं दार होतं, आणि वॉचमन धर्माला बघून सलाम ठोकायचा. त्याला दरवेळी हसू यायचं. या जागी त्याला सलाम मिळायला म्हातारपण यावं लागलं होतं.

काऊंटरवरची केतकी म्हणून मुलगी गोड बोलायची. तिने त्याच्यासमोर एक गुळगुळीत, दहा-बारा पानी पत्रक ठेवलं. "काका, साधं खातं बदलून हे विशेष खातं घ्या. वर्षाला फी आहे, पण त्यात लॉकरला सवलत, सिनेमाला सवलत, आणि परदेश प्रवासाचा विमा फुकट. तुम्हाला पण, काकूंना पण. वेगळा काढायलाच नको."

फुकट हा शब्द ऐकला की धर्माचे कान टवकारायचे, ते मात्र हावरटपणाने नव्हे, धास्तीने. तो पत्रक घेऊन थेट नायगावला शामरावांकडे गेला. शामराव त्याच गिरणीत मागावर होते. संपात पत्रकं लिहायचे, आणि मालकांचा कागद वाचताना शेवटची ओळ आधी वाचायची अशी त्यांची खोड होती. त्यांनी भिंग काढलं, बारीक अक्षर पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

"दोन दिवस दे. तोपर्यंत सही करू नको."

पण धर्माच्या बायकोला, मंजुळाला, दोन दिवस कुठले धरवतात! लाडू वळून झाले होते, बाळाची दुपटी शिवून झाली होती, आणि बँकेतली पोरगी फुकट द्यायला बसली असताना नायगावचा एक म्हातारा भिंग घेऊन बसला म्हणून थांबायचं, हे तिला पटेना. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि नवऱ्याला पुढे घालून बँकेत नेलं.

केतकीने फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, पासपोर्ट. तिची बोटं भरभर चालली होती ती एकदम थांबली.

"काका, जन्मसाल चाळीस ना?"

"हो."

"अय्या, सॉरी काका. या विम्याला सत्तरची मर्यादा आहे. तुम्हाला एकाहत्तर पूर्ण झाली. काकूंना मिळाला असता, पण तो तुमच्यामुळे मिळतो. मुख्य खातेदारच बसत नाही म्हटल्यावर..."

आणि धर्माच्या तोंडून निघून गेलं, "एकाहत्तर कसली? मी सदुसष्टचा आहे!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. केतकी पासपोर्टकडे बघत होती. मंजुळा त्याच्याकडे बघत होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी बघितलं नव्हतं.

"पासपोर्टवर आहे तेच धरा," धर्मा पडेल आवाजात म्हणाला. "कागदावरचं."

गोष्ट अशी होती. अठ्ठावन्न साली गावाहून आलेला धर्मा चौदा वर्षांचा होता. याच जागी, याच गेटवर, कामगार भरती करणाऱ्या कुशाबा जॉबरने त्याच्या ओठांवर मिसरूड शोधली, ती सापडली नाही, तरी कारकुनाला सांगितलं, "अठरा लिही. पोरगा कामाचा दिसतो." गिरणीच्या कार्डावर अठरा लागले आणि धर्मा गैरहजरांच्या जागचा बदली कामगार म्हणून आत गेला. त्यात नवल काहीच नव्हतं. त्या खात्यातली निम्मी माणसं कार्डावर वेगळ्या वयाची आणि घरी वेगळ्या वयाची होती. पुढे कार्डावरून फंडाचे कागद झाले, त्यावरून रेशनकार्ड, त्यावरून पासपोर्ट. खोटं एकदाच बोललं गेलं होतं, पण सरकारने ते इतक्या वेळा शिक्के मारून पक्कं केलं की खऱ्यालाच पुरावा उरला नाही. फायदाही झाला होता. एसटीचं म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट धर्माला चार वर्षं आधीच लागू झालं, आणि कंडक्टरने तोंडाकडे निरखून बघितलं की तो उगाच खोकायचा.

हे सगळं ठीक. पण बायकोला का सांगितलं नाही?

घरी येताना मंजुळा नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालली. भारतमाता टॉकीजच्या सिग्नललाही, जिन्यातही. दार लावलं, लुगड्याची घडी नीट करून ठेवली, आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माका आजपर्यंत कित्याक सांगलात नाय?"

"तुझा बाप माझ्याच खात्यात होता," धर्मा म्हणाला. "स्थळ बघायला आला तेव्हा त्याने आधी माझं कार्ड बघितलं. कार्ड खोटं आहे म्हणून त्याला सांगितलं असतं, तर नोकरी पण गेली असती आणि तू पण. मग सुरुवातीला लपवलं. मग राहून गेलं. मग खरंच सांगतो, विसरलो."

"विसरलात! स्वतःचं वय विसरलात!"

"सगळेच जण तेच म्हणायचे, मला पण तेच वाटायला लागलं."

मंजुळाला हसू येत होतं आणि रागही सोडवत नव्हता, त्यामुळे तिचा चेहरा भलताच दिसत होता. "नऊ वर्षांनी मोठे म्हणान मी लग्न झाल्यापासून खालच्या नळाचं पाणी चढवलंय. तीन माळे! संप झाला, तुम्ही वॉचमनकी धरलीत, तर मी म्हटलं, वय झालंय, नाइट करून येतात, यांना काही उचलूक द्यायचा नाय. गॅसचा सिलेंडर मी ओढला. गणपतीचा पाट मी खाली नेला. आणि हे माझ्याहून मोठे किती, तर पाच वर्षांनी!"

तिच्या बोलण्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण धर्माच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. केतकीने निघताना एक तोड सुचवली होती. खातं काकूंच्या नावाने काढा, त्या बासष्टच्या आहेत, त्यांना विमा मिळेल. फक्त काकांना मिळणार नाही.

"मंजू," तो म्हणाला, "तू जा. तुझ्या नावाने खातं काढू. बाळंतपणात लेकीला आई लागते, बापाचं काय काम? मी फोनवर बघीन बाळाला."

अकरा वर्षं त्या एका बातमीची वाट त्यानेही पाहिली होती. उज्ज्वलाला दिसू नये म्हणून तिच्यासमोर कधी विषय काढला नव्हता, एवढंच.

मंजुळा खाली बसली. "मी एकटी विमानात, आणि तुम्ही हय एकटे? पेज तरी करता येते काय? काय नको. गेलो तर दोघं, नायतर कोणच नाय."

तेवढ्यात दार वाजलं. शामराव आले होते, हातात पत्रक, पत्रकावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"सही केलीस?"

"करणार होतो. वयाने वाचवलं."

"वयाचं पहिल्याच पानावर आहे. खरी गंमत नवव्या पानावर," शामराव खुर्ची ओढत म्हणाले. "तिकीट याच बँकेच्या कार्डावर काढलेलं असेल तरच विमा लागू. तुमची तिकिटं जावयाने तिकडून काढली. म्हणजे तू पंचविशीतला असतास तरी तुला काही मिळालं नसतं, आणि वहिनींच्या नावाने खातं काढूनही मिळणार नाही. वर, आधीपासून असलेला आजार यात धरत नाहीत. तू बीपीची गोळी घेतोस ना?"

"रोज."

"मग झालं. हे खातं वाईट नाही रे. जो वर्षातून चार वेळा परदेशी जातो, याच कार्डावर तिकीट काढतो आणि धडधाकट आहे, त्याला परवडेल. तू आयुष्यात एकदा जाणार. एका नारळासाठी अख्खी वाडी कशाला विकत घ्यायची?"

मंजुळाने विचारलं, "मग आता?"

"आता सरळ विमा कंपनीत जा. एकाच प्रवासाचा, एवढ्या दिवसांचाच विमा मिळतो. सत्तरीपुढच्यांना पण देतात. जरा जास्त पडेल, आणि डॉक्टरची तपासणी लागेल. फॉर्मवर गोळीचं लिहायचं. लपवायचं नाही." शामरावांनी धर्माकडे भिंगातून पाहिलं. "तुला तशी सवय असल्याचं आताच जिन्यात ऐकू आलं, म्हणून सांगतो."

तिघंही हसले, आणि मंजुळाने एवढ्या वेळात पहिल्यांदा चहा टाकला.

परळच्या डॉक्टरांनी धर्माची छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, जिन्याच्या पायऱ्या चढून दाखवायला लावल्या. मग कागदावरचं वय पाहून भुवया उंचावल्या. "एकाहत्तर? आजोबा, तब्येत राखलीत हो. तुम्ही तर पासष्ट-सदुसष्टचे वाटता."

धर्माने छातीवरची बटणं लावता लावता बायकोकडे बघितलं. मंजुळा पदर तोंडात कोंबून भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर ती पोट धरून हसली, इतकी की कंपाऊंडरने पाणी आणून दिलं.

विमा झाला. धर्माचा तिच्यापेक्षा बराच महाग पडला, चार न जगलेल्या वर्षांसकट. "कुशाबा जॉबरकडून वसूल करा," मंजुळा म्हणाली, आणि पॉलिसीचे कागद पिशवीत घालून पिशवी छातीशी धरली. उज्ज्वलाला फोन केला तेव्हा ती पलीकडे नुसती "या, या, लवकर या" एवढंच म्हणत राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. खोलीत दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत लाडू, कोकम आणि कुळथाचं पीठ, आणि ती उचलायला दोन माणसं लागतील अशी. सवयीने धर्मा पॉलिसीची पिशवी घेऊन दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मंजुळा कुलूप हातात घेऊन जागची हलली नाही.

"सदुसष्ट ना?"

"हो."

"मग उचला."

धर्माने लाडवांची बॅग उचलली. एक माळा उतरला. दुसऱ्या माळ्याच्या वळणावर थांबला आणि कठड्याला धरून दम घेऊ लागला. मंजुळा कपड्यांची बॅग घेऊन मागून उतरत होती. ती त्याच्यापाशी आली, बॅग खाली ठेवली आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"तुमका सत्तर लागली ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हापासून मी रोज तुमचा श्वास ऐकून मगच झोपायचे. माझा बाप सत्तरीतच गेला. मनात यायचं, आता किती वर्षां उरली." ती थांबली. "आणि त्या दिवशी बँकेत तुमच्या तोंडून निघालं सदुसष्ट. राग तर आलाच. पण आधी काय वाटलां, माहितेय? माका एकदम चार वर्षां मिळाली."

खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. धर्माने लाडवांची बॅग एका हातात घेतली आणि दुसरा हात पुढे केला.

"ती पण दे इकडे."