बाविसावा हुक

कुमुदिनी मयेकरच्या हातून आयुष्यात एकही वस्तू वाया गेली नव्हती, आणि नेमकं तेच तिला नडलं.

दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारी, वाकडी झालेली टाचणी दातात धरून सरळ करणारी बाई ती. नवरा एकतीस वर्षं नौदलात, वर्षातले सात-आठ महिने बोटीवर. मनीऑर्डर येईल तेव्हा येईल, तोवर आहे त्यात भागवायचं. अशा बाईच्या हातात पितळेच्या तारेचा शेवटचा तुकडा आला आणि त्याचा हुक नेमका उलट्या बाजूला वळला, तर ती काय करणार? फेकून देणार? छे, नाव काढू नका! तिने तो पकडीत धरला, हलक्या हाताने सरळ केला आणि पुन्हा हवा तसा वाकवला. दिसायला अगदी बाकीच्या एकवीस हुकांसारखा. डबीत टाकला, डबी नवऱ्यापुढे सरकवली आणि भाजी चिरायला गेली. हा झाला गुरुवार.

आपण काय करून बसलो, ते तिला शनिवारी दुपारी चहा देताना कळलं.

आता हे हुक कसले, ते सांगायला हवं. जयेशने, म्हणजे मुलाने, विरारची खोली विकायला लावून आईबापांना गुडगावला आणलं त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याची कंपनी परदेशी, फ्लॅट सातव्या मजल्यावर, खाली लिफ्ट, पायाखाली गुळगुळीत फरशी. नळाला पाणी मात्र टँकरचं, आणि गच्चीतून बघावं तर अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगा आणि मधे मोहरीची शेतं. हरिदासरावांना यातलं काहीच पटलं नाही. पहिले दोन महिने त्यांनी लिफ्टवर, टँकरवर, जनरेटरच्या धुरावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्यांचा आवाजच तसा होता. भर वाऱ्यात डेकच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायची सवय. विरारला आमटीत मीठ कमी पडलं तर ते खालच्या मजल्यावर कळायचं.

मग तो आवाज गेला. घसा बसला असं नव्हे हो, माणूसच आतून बसला. भिंतीकडे तोंड करून दिवसदिवस पडून राहायचे. जेवायला काय करू? “काहीही.” फिरून येता का? “नको.” आमटी बरी झालीय का? “चालेल.” एकदा तर तिने मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्यांनी गुपचूप ताट संपवलं, ‘चालेल’ म्हणाले आणि जाऊन पडले. त्या दिवशी कुमुदिनी ओट्याला धरून ओक्साबोक्शी रडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं नॉर्मल म्हणाले. नॉर्मल कसलं डोंबलाचं!

तारणारा निघाला बी ब्लॉकमधला मेजर उदयसिंह घोरपडे. मूळचा कोल्हापूरचा, फौजेतून निवृत्त झाला तो इकडेच राहिला. दर जानेवारीत इथल्या मराठी मंडळींना बसमध्ये कोंबून पानिपतला लढाईच्या जागी, काला अंबवर घेऊन जायचा. त्या सहलीचं विचारायला आला, भिंतीवर हरिदासरावांचा शिडाच्या होडीशेजारचा जुना फोटो बघितला आणि म्हणाला, “मयेकर, मागे गावचं एवढं जोहड, म्हणजे तळं पडलंय, मोकळं पाणी आहे. एक छोटी शिडाची होडी बनवा ना यार. आम्ही फौजी लोक, आम्हाला जरा दाखवा तरी.”

काय लागलं त्या बोलण्यात देव जाणे. चौथ्या दिवशी हरिदासराव उठून बसले. जयेशच्या ऑफिसात परदेशी मशिन ज्या खोक्यातून आलं होतं त्याच्या फळ्या त्यांनी मागवल्या, आणि बाल्कनीत करवत चालू झाली. हातभर लांबीची होडी, तेवढीच उंच डोलकाठी, जुन्या पॅराशूटच्या कापडाचं शीड. लाकूडकाम त्यांनी एकट्याने केलं. अडलं ते बारीक कामात. डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोऱ्या, त्या अडकवायला नखाएवढे हुक, दोऱ्या ताणायला तीन भोकांच्या इवल्या चकत्या. हे बाजारात मिळत नाही, हातानेच करायचं. आणि हरिदासरावांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. मग चकत्या त्यांनी जुन्या टूथब्रशांच्या दांड्या कापून केल्या, आणि हुक आले कुमुदिनीच्या वाट्याला. लाकडाच्या ठोकळ्यावर दोन बारीक खिळे, त्यांच्याभोवती तार फिरवायची, टोक क्रोशाच्या सुईने आत दाबायचं. तार मेजरने दिल्लीच्या चावडी बाजारातून आणलेली, मोजून चार हात.

तीन आठवडे दोघं बाल्कनीत समोरासमोर बसून काम करत होती. हरिदासराव बोलायला लागले होते. हळू, मोजकं, पण बोलत होते. दाढी रोज करत होते. कुमुदिनी मात्र अजून काचेचं भांडं सांभाळावं तशी त्यांना सांभाळत होती. रविवारी सकाळी होडी पाण्यात सोडायची ठरली होती, आणि तो रविवार पुढे ढकलणं शक्य नव्हतं. जोहडाची जमीन बिल्डरने घेतली होती. सोमवारपासून डंपर माती टाकणार होते.

तर शनिवारी दुपारी मेजर चहाला आला. होडी उचलून, डोळ्यांजवळ नेऊन बघत म्हणाला, “वा, हुक तर एकदम फर्स्टक्लास! एखादा चुकला तर सरळ करून परत वाकवता का?”

हरिदासराव चक्क हसले. “वेडे की काय तुम्ही, मेजर! चुकला की फेकायचा. पितळ एकदा वाकलं की तिथे कडक होतं. सरळ करून परत वाकवलं तर आत चीर जाते, आणि ती बघून कळत नाही. दोन-चार दिवस टिकतो, मग वाऱ्याचा झटका बसला की कटकन जातो. गोदीत पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो मी हे.” मग कुमुदिनीकडे बघून म्हणाले, “हिला तर शिकवावंही लागलं नाही. एवढा साफ हात! मी एकही हुक तपासला नाही.”

कुमुदिनीने हातातली कपबशी घाईघाईने टेबलावर ठेवली.

मेजर गेला. कुमुदिनी स्वयंपाकघरातून तीनदा बाहेर आली. पहिल्यांदा ‘अहो’ म्हणाली, तर हरिदासराव डोलकाठी पुसत होते, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. दीड वर्षात पहिल्यांदा! ती परत फिरली. दुसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली, “कुमुद, उद्या तो पांढरा शर्ट काढून ठेव.” तिने शर्ट काढला. तिसऱ्यांदा ती नुसतीच दारात उभी राहिली. सांगितलं तर? तार संपलेली, आता दिल्लीला पोचेपर्यंत बाजार बंद, उद्या रविवार, नवे हुक कुठून होणार? होडी सुटायचीच नाही, आणि परवा पाणीच नसेल. हा माणूस ‘चालेल’ म्हणेल आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून पडेल. या वेळी मात्र उठायचा नाही. तिला हे असं स्वच्छ दिसत होतं.

आणि न सांगितलं तर? बाविसांतला एक हुक. असेल कुठेतरी मागच्या बाजूला, जिथे ताण कमी तिथे. कशाला तुटतोय?

पहाटे पाचला ती बाल्कनीत होती. रात्री डोळा लागलाच नव्हता. क्रोशाच्या सुईचं टोक तिने एकेका हुकाच्या वळणावरून फिरवलं. पहिला, दुसरा, तिसरा. सगळे सारखे! स्वतःच्या हाताने केलेली वस्तू स्वतःला ओळखू येऊ नये? पुढच्या टोकाशी, डोलकाठीला पुढून धरणाऱ्या दोरीचा हुक होता. तो तिने बोटात धरला. जरा ओढून बघावा का? टिकला तर जीव भांड्यात. आणि तुटला तर? आत्ता, इथे, सहा वाजता ते उठतील तेव्हा काय दाखवणार? तिने बोट काढून घेतलं आणि देवापाशी जाऊन बसली. पण देवापुढे तरी काय म्हणायचं? नवऱ्याशी लबाडी करतेय, तेवढी पार पाड, असं?

आठ वाजता जोहडावर पंचवीसेक माणसं जमली होती. एका कोपऱ्यात विटांच्या तुकड्यांचा ढीग आधीच येऊन पडला होता. दुसऱ्या बाजूला गावातला एक म्हातारा म्हशींना पाण्यात घेऊन उभा होता. जयेश कॅमेरा सरसावून, मेजर टोपी घालून. हरिदासराव पांढऱ्या शर्टात गुडघाभर पाण्यात उतरले, बोट ओलं करून वारा बघितला, शीड जरा सैल केलं आणि होडी सोडली.

काय सुंदर गेली ती! शिडात वारा भरला, अंग एका बाजूला कललं आणि सुळकन निघाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुमुदिनीने पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. अर्धं जोहड झालं. हरिदासराव मागे वळून म्हणाले, “बघितलंस?” तिने मान हलवली. आणखी थोडं. आणखी दहा-पंधरा हात. म्हशींच्या पलीकडे पोचली की झालं, मग जन्मात कधी असली लबाडी करायची नाही.

आणि शेतांकडून धुळीचा लोट उठला. झटका आला तसा डोलकाठी जरा थरथरली, मागे झुकली आणि शिडासकट पाण्यात आडवी झाली.

“अरेरे!” सगळे एका सुरात म्हणाले. म्हशींवाला म्हातारा कमरभर पाण्यातून चालत गेला, होडी उचलून घेऊन आला. “ले ताऊ, थारी नाव,” म्हणून त्याने ती हरिदासरावांच्या हातात दिली. ते काठावर बसले. त्यांचा अंगठा होडीच्या पुढच्या टोकाशी गेला आणि तिथेच थांबला. अर्धा हुक लाकडात होता, अर्धा गेला होता.

“माझंच चुकलं,” ते हळूच म्हणाले. “नीट दिसत नाही ना आता. बसवताना पकडीने चेपला असणार. या वयात हे उद्योग करू नयेत.”

“काय यार मयेकर, दुसरी बनवू की!” मेजर म्हणाला. “पाणी बघू कुठेतरी दुसरं.”

“चालेल,” हरिदासराव म्हणाले.

तो शब्द तसाच्या तसा होता, आमटीवरचा. त्यांचे खांदे खाली आले होते, नजर कुठेच नव्हती. आता हा माणूस घरी जाईल, पांढरा शर्ट घडी घालून ठेवेल आणि पडेल. तिने तोंड उघडलं नाही तर तिची चूक कोणाला कधी कळणार नव्हती. त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेऊन टाकली होती. सुटली होती ती. आणि तेच तिला सहन होईना.

“हुक मी केला होता,” ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की तीच दचकली. “गुरुवारी. उलटा वळला, तार संपलेली, म्हणून सरळ करून परत वाकवला. तुम्ही मेजरना सांगितलंत तेव्हा मला कळलं. काल दुपारीच कळलं. तरी मी बोलले नाही. तुमचे डोळे नाही चुकले, मी चुकले.”

हरिदासरावांनी मान वर केली. जयेशने कॅमेरा खाली घेतला.

“काय केलंस?” ते पुटपुटले.

“सरळ करून परत…”

“काय केलंस?” या वेळी ते उठून उभे होते. “सरळ केलास? पितळ? अगं, अक्कल काय विरारला ठेवून आलीस? काल कळलं आणि आज मला सोडू दिलीस? पुढच्या ताणाला! अख्खी डोलकाठी त्याच्यावर उभी, बाई, अख्खी डोलकाठी!” म्हशींनी माना वळवल्या. काठावरचे बगळे उडाले. पलीकडच्या बिल्डिंगवरचे मजूर काम थांबवून बघायला लागले.

“मयेकर, जाऊ द्या ना यार, वहिनींनी काय मुद्दाम…”

“तुम्ही मधे पडू नका, मेजर! तार कुठून आणलीत ते सांगा. दुकान बंद असेल तर दुकानदाराचं घर दाखवा. चला, मी येतो. संध्याकाळपर्यंत पाणी आहे ना इथे? मग बघत काय उभे राहिलात? आणि तू! तू आता माझ्या डोळ्यांसमोर बसून वाकवायचास, एकेक हुक, एकेक! चुकला की फेकायचा, समजलं?”

“बाबा, प्लीज,” जयेशने त्यांचा दंड धरला. “सगळे बघताहेत. आई रडतेय.”

रडत तर ती होतीच. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचंही भान नव्हतं. तिने पुढे होऊन जयेशचा हात त्यांच्या दंडावरून काढला.

“गप रे तू,” ती म्हणाली. “ओरडू दे त्यांना.”