मागे न सरणारं मशीन

"चार टक्के! अहो नेटवाले भाऊ, पंधरा मिनिटं झाली आणि गेलेत फक्त चार टक्के!" फोनवर दवाखान्यातल्या सिस्टर ओरडत होत्या. "सहा वर्षांची पोरगी जिन्यावरून पडलीय, डोक्यात रक्त साठतंय. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन बघितल्याशिवाय इथे कुणी हात लावणार नाही. तुमची लाइन आहे की गोगलगाय?"

"बघतोय, सिस्टर."

"बघत काय बसलाय? करा काहीतरी!"

नेटवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोनशे घरं, एक शाळा आणि तो छोटा दवाखाना, सगळ्यांत मिळून ही एकच लाइन. सोळा वर्षं ती निव्वळ सभ्यपणावर चालली होती. गर्दी झाली की प्रत्येक मशीन आपणहून वेग कमी करतं, दुसऱ्याला वाट देतं. माणसांना जमत नाही ते यंत्रांना जमतं, असं तो भेटेल त्याला कौतुकाने सांगत सुटायचा. प्रत्येकाला वाटा ठरवून द्या, पहारा बसवा, असं कुणी म्हटलं की हसायचा.

आज मात्र एक मशीन मागे सरतच नव्हतं. बाकीची बिचारी अंग चोरून बसली होती, दवाखान्याचंही त्यांतच, आणि सुटलेली सगळी जागा हे एकटं गिळत होतं.

कोण किती ओढतंय त्याची यादी त्याने उघडली. सगळ्यात वर त्याचंच घर.

तीन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ दूरच्या शहरात आजारी होता. आईच्या पडद्यावर त्याचा चेहरा सारखा अडकायचा. तेव्हा यानेच आईच्या मशीनची वाट द्यायची सवय मोडून टाकली होती. चारच दिवसांपुरती! भाऊ गेला आणि ते तसंच राहिलं. आज पाच वाजता भावाचं खातं कायमचं पुसलं जाणार होतं, म्हणून त्यातले सगळे व्हिडिओ आईच्या मशीनवर उतरवायला सकाळी यानेच लावून दिले होते.

पाचला वीस कमी होते.

त्याने पहारा बसवला. प्रत्येकाला सारखा वाटा. दांडगाई करेल त्याचं जास्तीचं फेकून द्यायचं.

"पळायला लागलं!" सिस्टर किंचाळल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोचलं! डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन इथेच करा, ते व्हिडिओवर बघत बघत सांगणार आहेत. आता लाइनला हात लावाल तर खबरदार!"

लगेच दुसरा फोन वाजला.

"अरे, थेंबथेंब येतंय बघ सगळं," आई म्हणाली. "निम्मेसुद्धा आले नाहीत. त्याचा तो सायकलवरचा राहिलाय."

"मीच हळू केलंय, आई. दवाखान्यात एक पोरगी आहे."

"माझंच हळू करायचं होतं?"

त्याने यादीतला दवाखान्याचा आकडा बघितला. तो पळत होता.

"केवढी आहे?" तिने विचारलं.

"सहा वर्षांची."

 

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

त्याने ठेवला नाही. पाच वाजले. यादीत त्याच्या घरासमोरचा आकडा शून्यावर आला. दवाखान्याचा चालूच होता.