कपाळावरची पंचवीस अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नीट सांगायचं तर संगणकाचा तो काळा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. माझं वय नऊ वर्षं. तुमच्यात नऊ वर्षांच्या मुलाला लहान म्हणतात, आमच्यात नवव्या वर्षी भंगारवाला चौकशी करून जातो.

माझा जन्म गडचिरोलीच्या एका दुकानात झाला. मदरबोर्ड एका खोक्यातून आला, हार्ड डिस्क दुसऱ्यातून, आणि पंखा कुठून आला ते दुकानदारालाही आठवत नव्हतं. मला विकत घ्यायला आलेली रंजीता नुकतीच लग्न होऊन आरमोरी तालुक्यातल्या जंगलाकाठच्या एका गावात नांदायला आली होती. तिथं तिला सेवा केंद्र काढायचं होतं.

"ताई, ऑपरेटिंग सिस्टीम मी फुकटात टाकून देतो," दुकानदार म्हणाला. "लायसन्स इकडं कोनीच घेत नाई."

"फुकटचं मंजे चोरीचंच ना, भाऊ? मले असली पाह्यजे."

दुकानदारानं परवान्याचा डबा कुठूनतरी शोधून आणला. त्यात पंचवीस अक्षरांची एक चिठ्ठी होती. ती अक्षरं एकदा भरली की माझ्या आतली सगळी व्यवस्था कायदेशीर झाली. चिठ्ठी हरवू नये म्हणून रंजीतानं ती माझ्या कपाळावर, बटणाच्या अगदी वर चिकटवून टाकली. चिठ्ठी हरवली नाही हे खरं, पण पुढं जे झालं तेही ऐका.

नऊ वर्षं मी काम केलं. सातबारे काढले, जातीचे दाखले काढले, दहावीचे निकाल दाखवले. पास झालेल्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही आणि नापास झालेल्यांनी मलाच दोष दिला. पंच्याहत्तरीचे लटारूभाऊ दर महिन्याला पेन्शनसाठी अंगठा लावायला यायचे. जन्मभर बांबू तोडून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा घासून गेल्या होत्या, त्यामुळं यंत्र त्यांना ओळखायला तयार नसायचं. रंजीता त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा ठेवायची. सहाव्या-सातव्या खेपेला जमायचं. दुसरं केंद्र थेट आरमोरीला, बावीस किलोमीटरवर, आणि तिथल्या रांगेत इतका वेळ त्यांना कोण देणार?

आमच्या घरी दसऱ्याला नांगर, विळा, कुऱ्हाड यांची पूजा होते. रंजीताची सासू भागीरथाबाई त्यांच्या ओळीत मलाही बसवायची. हळद, कुंकू, वर दोन अक्षता. तिच्या लेखी ती चिठ्ठी म्हणजेच माझं कपाळ, म्हणून बोट नेमकं तिथंच टेकायचं. नऊ दसरे झाले. मला त्या मानाचं कौतुक वाटायचं, हे मी कबूल करतो.

यंदा मात्र मी थकलो. सुरू व्हायला पाव तास लागू लागला आणि दोनदा तर भर गर्दीत बंद पडलो. रंजीतानं होतं नव्हतं ते घालून नवा संगणक आणला. तो दिसायला देखणा, पण परवान्याच्या बाबतीत कोरा. मला उचलून मागच्या खोलीत, तांदळाच्या कोठीशेजारी ठेवलं गेलं. आणि त्याच आठवड्यात निरोप आला की शुक्रवारी केंद्राची तपासणी आहे, बिनपरवान्याचा संगणक आढळला तर केंद्र बंद होईल.

बुधवारी दुपारी रंजीता वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. नव्या परवान्याला पैसे उरले नव्हते, म्हणून जुनाच नव्यावर न्यायचा, एवढंच काम. पण कपाळावर लाल-पिवळ्या थराखाली काहीच वाचता येईना. पहिली पाच अक्षरं दिसली, शेवटची तीन दिसली, मधला सगळा कुंकवाचा मळवट.

"थांब, तेलानं पुसलं का लगेच निंघते," भागीरथाबाई म्हणाली. खोबरेल तेलाचं फडकं घेऊन तिनं मनापासून घासलं. कुंकू निघालं, आणि कुंकवाबरोबर शाईही निघाली. चिठ्ठी पांढरी स्वच्छ झाली.

"आई, हे काय केलं वो!" रंजीतानं वही मिटली. "आता केंद्र बंद होते. लटारूभाऊ कुठी जातीन अंगठा लावाले?"

भागीरथाबाई फडकं हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "मले का माहीत बाई, त्यात तुया जीव होता मून." त्या दिवशी ती जेवली नाही.

रंजीतानं आरमोरीच्या अश्विनला फोन लावला. तो संगणकांची दुरुस्ती करतो. गुरुवारी सकाळी तो मोटारसायकलवर आला. आत उजेड कमी म्हणून मला बाहेर छपरीत काढलं, जुना पडदा जोडला, खिडकीतून वायर ओढली आणि त्यानं माझं झाकण उघडलं.

"अक्षरं चिठ्ठीवरून गेली, पन याच्या पोटात हायेत," तो म्हणाला. "हा एकदा सुरू झाला पाह्यजे, बस."

मी सुरू होईना. त्यानं मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, आतली नऊ वर्षांची धूळ फुंकली. चौथ्या प्रयत्नाला माझा पंखा फिरला. अश्विननं एक छोटा प्रोग्राम चालवला आणि मला जे विचारलं ते मी सांगून टाकलं. पंचवीसच्या पंचवीस अक्षरं. भागीरथाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

रंजीतानं ती अक्षरं नव्यात भरली. उत्तर आलं, हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.

"मंग? याच्यातून आधी काढा लागते," अश्विन म्हणाला. "परवाना वेगळा, डब्यातला विकत घेतला मून तरी दुसऱ्यावर नेता येते. पन एका वेळी एकच मशीन."

"मंग याचं काय?"

"याचं काय, चालंन जसा चालंन तसा. पन असली नाई राह्यनार."

माझ्या पडद्यावर काळी चौकट उघडली, अश्विननं सांगितलेली ओळ रंजीतानं एकेक अक्षर बघून टाइप केली आणि बटण दाबलं. मला काही दुखलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना उमटली, इतकंच.

नव्यानं तरीही हट्ट सोडला नाही, फोन करून खात्री करून द्या म्हणाला. आत रेंज नाही. म्हणून पडद्यावरचे त्रेसष्ट आकडे वहीत उतरवून रंजीता छपरीत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे माणूस नव्हता, रेकॉर्ड केलेला हिंदी आवाज होता. तिनं सगळे आकडे दाबले. मग आवाजानं विचारलं, हा परवाना सध्या किती संगणकांवर आहे?

तिचं बोट थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चालूच होतो, पंखा खरखरत होता. अश्विननं हातानंच एकची खूण केली. रंजीतानं डोळे पुसले आणि एक दाबला.

उत्तर अगदी खरं होतं. त्या एकात मी नव्हतो.

शुक्रवारी तपासणी झाली आणि केंद्र राहिलं. मला वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. फारसं नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी जुनं असेल. त्याच्या जागी नवं जरूर आणा, तो जगाचा नेमच आहे. फक्त ते बोलतंय तोवर त्याच्यापाशी बसा आणि त्याला काय माहीत आहे ते लिहून घ्या. आम्ही कधी नाही म्हणत नाही. आम्हाला अडचण आल्यावरच विचारतात, एवढंच.