न थांबणारी बारी

मी एक अगदी नवं फंक्शन आहे, मित्रांनो. संगणकाला सांगितलेलं एक छोटं काम. एक नाव लिहायचं आणि पुढच्या नावासाठी स्वतःलाच हाक

मी एक अगदी नवं फंक्शन आहे, मित्रांनो. एक नाव लिहायचं आणि पुढच्या

मी एक अगदी नवं

असं होत होतं माझं. आता नीट सांगायला हवं.

बेलापूरजवळच्या एका चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, बांधावर माझी पहिली परीक्षा झाली. मला लिहिणारी अश्विनी श्रीरामपूरला क्लासला जाऊन जावास्क्रिप्ट शिकत होती. मागच्या वेळी कालव्याला पाणी सुटलं, तेव्हा बारी, म्हणजे कुणी कधी पाणी घ्यायचं ती पाळी, तोंडीच ठरली. वरच्या शेतांनी दोनदा पाणी घेतलं आणि चारीच्या टोकाला असलेला गीताबाईंचा, म्हणजे अश्विनीच्या काकूंचा, कांदा कोरडा राहिला. शेतांचा क्रम सगळ्यांच्या मोबाईलवर दिसला, तर कुणाला मध्ये घुसता येणार नव्हतं. त्यासाठी मी. पाणी वाटणारा छगन पाटकरी एवढंच म्हणाला होता, की पाणी चारीत शिरण्याआधी यादी दिसली तर ती खरी, नाहीतर नेहमीसारखं तोंडी.

त्या दिवशी पुन्हा पाणी सुटलं होतं. अश्विनीने मांडीवर लॅपटॉप घेतला आणि मला चालवलं.

मी पहिल्या शेताच्या रंभाजींचं नाव लिहिलं, माझ्याच दुसऱ्या प्रतीला हाक मारली आणि उरलेल्या नावांची वाट बघत थांबलो. दुसरीने तिसरीला हाक मारली. तीही थांबली. हजारो प्रती एकीवर एक उभ्या, आणि उत्तर कुणाकडेच नाही. शेवटी उभं राहायला जागा उरली नाही. पडद्यावर एकही नाव नाही. फक्त चूक दाखवणारी लाल अक्षरं.

तिने कंस तपासले. नावं तपासली. पुन्हा चालवलं.

पुन्हा लाल.

"पानी पुलाखाली आलंय, अश्विनी," छगन म्हणाला. "तुझ्या लॅपटॉपला चक्कर आली का काय?"

वरच्या शेतांची माणसं हसली आणि फावडी घेऊन उठली.

गीताबाईंनी हळूच विचारलं, "माझं नाव हाय ना त्यात?"

"हाय की, काकू. शेवटी."

"आन माझ्यानंतर?"

"परत रंभाजी मामा. बारी फिरतीच की..." बोलता बोलता अश्विनीने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला.

मित्रांनो, शेवटच्या शेतानंतर पुन्हा पहिलं शेत येतं, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. मलाही तिने तेच शिकवलं. कुठे थांबायचं ते मात्र सांगायचं राहिलं. तिने मला पुन्हा पहिल्या नावाकडे नेणारी ओळ पुसली आणि अगदी वर लिहिलं: नावं संपली असतील, तर रिकाम्या हाती परत फीर.

पाणी चारीच्या तोंडाशी आलं होतं.

या वेळी शेवटची प्रत रिकाम्या हाती परतली. तिच्या आधीची गीताबाईंचं नाव घेऊन आली, तिच्या आधीची आणखी एक. अशी नावं जुळत गेली आणि यादी सगळ्यांच्या मोबाईलवर उमटली.

छगनने मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "रंभाजी, तुमी घ्या," तो म्हणाला. "बाकीच्यांनी फावडी खाली ठेवा."

गीताबाईंनी आपलं नाव अश्विनीकडून दोनदा वाचून घेतलं.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारखं फंक्शन लिहाल. तेव्हा परत कधी फिरायचं ते आधी सांगा. आम्ही दमत नाही, तक्रार करत नाही. पण कुणी थांबवलंच नाही, तर टोकाला बसलेल्या माणसाचं नाव हजारदा लिहूनही यादी त्याच्यापर्यंत पोचत नाही.