एक वीत वर

चार फूट रुंद, अडीच फूट उंच, वरखाली सागवानी दांडे आणि पाठीला मांजरपाटाचे जाड कापड. मित्रांनो, असा मी एक जुना नकाशा आहे. माझ्या डाव्या कडेला मोरोक्को आहे, उजव्या कडेला इंडोनेशिया, आणि मध्यापासून जरा उजवीकडे, सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यात, वसमत आहे. एवढ्या लहान प्रमाणाच्या छापील नकाशात वसमत कोणी दाखवत नाही. मला मात्र मुंजाजी मास्तरांनी हाताने काढले. आपण उभे आहोत ती जागा आधी दाखवावी आणि मग जग दाखवावे, असा त्यांचा नियम होता.

मास्तर तंत्रनिकेतनात शिकलेले. पुढे तीस वर्षे त्यांनी मुलांना आरेखन शिकवले. वर्गाच्या पहिल्या दिवशी ते फळ्यावर एक बाण काढीत आणि त्याशेजारी दोन शब्द लिहीत : उत्तर वर. मला तयार करायला त्यांना सात महिने लागले. आधी पेन्सिलीच्या बारीक रेघा, मग काळी शाई, मग डोंगरांना तपकिरी आणि वाळवंटांना फिकट पिवळा रंग. या फिकट पिवळ्या रंगानेच पुढे सगळा घोटाळा लपवून ठेवला, पण ते ओघाने सांगेन.

माझी पाठ शिवली ती गल्लीतल्या रज्जाकचाचांनी. मशीनवर मला पसरून ते बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर, इसमें तो बहुत सारे हमारे लोगां के मुलुक दिखरे. किस वास्ते?"

मास्तरांनी लपवाछपवी केली नाही. "आम्ही दर शुक्रवारी तिथल्या लोकांसाठी प्रार्थना करणार आहोत, चाचा. त्यांचं भलं व्हावं, आणि आम्हाला जो येशू भेटला तो त्यांनाही भेटावा म्हणून."

चाचांनी चार टाके घातले. "दुआ को हम ना नईं बोलते. मगर इत्ते दूर जाने के पहले हमारी गल्ली का भी नाम लेव. नाली तीन महिने से भरी है."

मित्रांनो, माझ्यासमोरची पहिली प्रार्थना मोरोक्कोसाठी झाली नाही, त्या नालीसाठी झाली. सोमवारी मास्तर फावडे घेऊन स्वतः तिथे गेले.

हळदीच्या मोंढ्यामागे, म्हणजे घाऊक बाजारामागे, पत्र्याचे एक छोटे प्रार्थनागृह आहे. तिथल्या भिंतीवर मला टांगले गेले. मास्तरांनी बावन्न शुक्रवारांचे वेळापत्रक केले. एका शुक्रवारी सुदान, पुढच्या शुक्रवारी उझबेकिस्तान. दुपारी शेजारच्या मशिदीतली जुम्म्याची नमाज आटोपली की आमची मंडळी जमत. कोणीतरी पुढे येऊन माझ्यावर बोट ठेवी आणि सगळे डोळे मिटत. बाहेरून आलेले पाहुणे माझी स्तुती करीत. "छापील वाटतो," असे कोणी म्हणाले की मास्तर नाराज होत, कारण छापील नकाशात वसमत नसते.

प्रार्थना संपली की मला गुंडाळून कपाटावर ठेवीत. तेव्हा मी अर्धवट झोपेत जाई. गुंडाळीत गेल्यावर दूरचे देश एकमेकांना चिकटतात. समुद्र डोंगरावर येतो, वाळवंटाला बर्फ लागतो. वसमतच्या पाठीशी किर्गिझस्तानचे पर्वत येऊन टेकत आणि मध्ये फक्त एका कापडाची जाडी उरे. मला वाटे, इकडे कोणी खोकले तर तिकडे ऐकू जाईल.

मग भिंतीवर मोठा टीव्ही आला. त्यात सगळे देश रंगीत दिसू लागले आणि कपाटावरची माझी झोप लांबत गेली. दोन वर्षे मला कोणी उलगडले नाही. माझ्या खालच्या दांड्यात कोळ्याने घर केले.

मला खाली उतरवले ते चतुराबाईंनी. चतुराबाई मोंढ्यात हळद निवडण्याच्या कामावर होत्या. त्यांची मुलगी शिला परिचारिका झाली. किर्गिझस्तानातल्या डोंगराळ गावात मुसलमान बायकांची बाळंतपणे करणाऱ्या एका लहानशा दवाखान्यात सेवेला जायचे तिने ठरवले. ती गेली त्या आठवड्यात चतुराबाई म्हणाल्या, "त्या टीव्हीला हात लावला की चित्र पळतंय. मला तो कापडाचा द्या. बोट ठिवायला कायतरी पायजे."

मला पुन्हा टांगले गेले. चतुराबाईंनी विचारले, "मास्तर, माजी शिला कुठं हाय?"

मास्तर वेळापत्रक लिहीत होते. मान न उचलता म्हणाले, "वसमतपासून बराबर एक वीत वर."

मोजमाप अचूक होते, पण शब्द चुकला. चतुराबाई शिरड शहापूरच्या वावरात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांच्या रानात पाणी मावळतीच्या बांधावरून येई, म्हणून मावळतीचे ते वरचे वावर आणि उगवतीचे खालचे. पाणी जिकडून येते ती बाजू वर, हे त्या चालायला लागल्यापासून जाणत होत्या. त्यांनी वसमतच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला, त्या भिंतीवर मावळती डावीकडे येई म्हणून तिकडे वीत ताणली आणि करंगळी टेकली त्या जागी तर्जनी ठेवली. ते ओमानचे वाळवंट होते.

मी सारे पाहिले, पण नकाशाला तोंड कुठे असते? आणि मंडळींचे डोळे तर मिटलेले.

"प्रभू, माझ्या लेकराला थंडी वाजू देऊ नको," चतुराबाई दर शुक्रवारी म्हणत. "तिच्या हातावर येनारं परतेक बाळ रडू दे." चार वर्षे ओमानच्या तापल्या वाळूला थंडी वाजू नये म्हणून प्रार्थना होत राहिली. कामावरून थेट आल्यामुळे त्यांचे बोट पिवळे असे. वाळवंटाच्या फिकट पिवळ्यात हळदीचे बोट हळूहळू मुरत गेले आणि कोणाला दिसले नाही.

या वर्षी जानेवारीत शिलाचा फोन यायचा बंद झाला. दर रविवारी येणारा फोन एका रविवारी आला नाही, दुसऱ्याही नाही. तिकडे फार बर्फ पडला आहे, एवढेच कळले. तिसऱ्या आठवड्यात चतुराबाईंनी जेवण कमी केले. त्यांचे बोट माझ्यावर इतके जोरात टेकू लागले की कापड आत दबे.

मास्तरांना काही सुचेना. हाताला काम हवे म्हणून त्यांनी मला स्वच्छ करायला घेतले, आणि ओमानमधला डाग त्यांच्या नजरेस पडला. आरेखन करणाऱ्याला डाग सहन होत नाही. त्यांनी साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून डागावर फिरवला. डाग लालभडक झाला.

तेवढ्यात मंडळी आली. चतुराबाईंबरोबर काम करणारी तारा पुढे होती. तिने पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"मास्तर, एवढं कालेज शिकलात अन् हळदीला साबन लावला व्हय? आता बसा कुकू लावून."

"मग काय करायला हवं होतं?"

"उनात टाकायचं. हळद आपसूक उडती. लेकरालाबी ठावं हाय."

मास्तर ओशाळले. "पण इथं हळद आली कशी?"

"ते माजं बोट हाय," चतुराबाई मागून म्हणाल्या. "तिथं माजी शिला हाय न्हवं का."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चतुराबाई, हा ओमान आहे. शिला इथं आहे, वर."

"तुमीच म्हनलात एक वीत वर. मी वरच ठिवलं. पानी येतंय तिकडं."

 चतुराबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. लाल डागापासून पर्वतांपर्यंतचे अंतर त्यांनी नजरेने मोजले.

"म्हंजी चार वर्सं माजं एक बी मागनं तिच्यापोतर गेलं न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "म्हनूनच फोन येऊन न्हाई राहिला."

"देवाला काय मास्तरांचा नकाशा लागतोय?" तारा म्हणाली. पण चतुराबाईंचा चेहरा निवळला नाही.

मास्तरांनी उपदेश केला नाही. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "उत्तर वर, हे मी तीस वर्षं शिकवलं. तुम्ही वर कशाला म्हणता, हे एकदाही विचारलं नाही."

त्यांनी चतुराबाईंचा हात धरून वसमतवर ठेवला आणि वीत सरळ छताच्या दिशेने ताणायला लावली. करंगळी तपकिरी पर्वतांवर टेकली. त्या जागी चतुराबाईंनी उजवे बोट ठेवले आणि ताजी हळद उमटली. मग त्यांनी डावा हात उचलून ओमानच्या लाल डागावर ठेवला.

"तो हात काढा आता," तारा म्हणाली.

"कसा काढू? चार वर्सं बोट ठिवलंय. तिथं बी कुनाच्या मायचं लेकरू आसंल." दोन्ही हात पसरून त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळाची उष्णता मला अरबी समुद्रावर जाणवत होती. त्या दिवशी त्यांनी काहीच मागितले नाही. नुसते शिलाचे नाव घेतले.

फोन पुढच्या शुक्रवारी आला, ऐन प्रार्थनेत. मास्तरांनी मोबाइल माझ्याशेजारच्या खिडकीत ठेवून आवाज मोठा केला.

"माय, मी बरी हाय," शिला म्हणाली. "बर्फानं घाट बंद झाला, टावर पडला. शेजारच्या आजीनं मला घरी नेलं, चुलीजवळ झोपवलं. गावातल्या बायांनी रोज भाकरी दिली. याच दिवसांत दोन बाळं झाली, दोन्ही रडली."

चतुराबाई खाली बसल्या. 

"पन एक गंमत झाली," शिला म्हणाली. "आजीनं इचारलं, तुजी माय कुठं आसती? मला त्यांची बोली आर्धीमुर्धी येती. मी नकाशातल्यावानी हात दावला, म्हनलं, खाली. तिला वाटलं, तू मातीखाली हायेस. तवापासून ती रोज हात पसरून मेलेल्या मानसाची दुआ करून राहिली. मला काल कळलं."

खोलीभर हसू फुटले. चतुराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजी तिनं मला जित्तेपनीच पुरलं का काय?"

"मी सांगितलं तिला, माय जित्ती हाय. तर म्हनली, दुआ वाया जात न्हाई, ठिवू दे."

चतुराबाई हसता हसता थांबल्या. त्यांनी एकदा लाल डागाकडे पाहिले, एकदा पर्वतांवरच्या पिवळ्या बोटाकडे. "आजीला सांग," त्या म्हणाल्या, "माजं बी तसंच झालं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाईची दौत उघडली. मला वाटले, आता ते डाग झाकतील. पण त्यांनी उत्तरेच्या बाणाशेजारी बारीक, सरळ अक्षरांत एक ओळ लिहिली : या नकाशात वर म्हणजे उत्तर, समोरचा वर कशाला म्हणतो ते आधी विचारून घ्यावे.

मित्रांनो, आता माझ्या कडा फाटू लागल्या आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती मी जाईनच. मला वाळवी लागू देऊ नका, ओलीत ठेवू नका, आणि गुंडाळताना घाई करू नका. पण एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती ताराबाईंनी सांगितलेलीच आहे. हळद उन्हात उडते. पर्वतांवरचे ते पिवळे बोट अजून ताजे आहे. म्हणून मला कुठेही टांगा, फक्त उन्हात टांगू नका.