पाहुण्यांचा बाक

मी बाक बोलतोय. कॉफी निवडायच्या शेडमधला, हिरव्या रंगाचा, पाच बायका ऐसपैस बसतील एवढा लांब. माझ्यात खोट शोधायला जाऊ नका. खोट होती, ती मीच सांगणार आहे.

माझा जन्म घाईचा. आमची कॉफी विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं, की कामगारांना बसायची सोय आहे का ते बघायला कंपनीच्या तपासनीस बाई येतील. मुकादमाची धांदल उडाली.

"टेबल किती उंच आहे? माप घेऊ द्या," सुतार म्हणाला.

"माप कशाला? त्याच्यावर बसणार कोण आहे? ठोक पाय आणि दे रंग!"

बाई आल्या, मला पाहून कागदावर खूण करून गेल्या. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मला उचलून पोत्यांच्या खोलीत टाकलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एक दिवस मिरवायचं आणि वर्षभर धूळ खायची! मला भारी राग यायचा.

दाराच्या फटीतून शेड दिसायची. उंच टेबलांवर कॉफीचे दाणे पसरायचे आणि त्यातले काळे, फुटके, किडके बोटांनी वेचायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उभ्यानं. निवडणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुनी होती मावशी. तिची सून तिच्या शेजारीच निवडायची. मावशीच्या घोट्याजवळची जखम सहा महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बसून काम करा, नाहीतर पाय जाईल."

मावशीनं मुकादमाकडे मला मागितलं.

"तो पाहुण्यांचा बाक आहे," तो म्हणाला. "बसायचंच असेल तर घरी बस. कायमची."

मावशीनं पदर खोचला आणि पुन्हा टेबलाशी उभी राहिली.

यंदा नव्या तपासनीस बाई आल्या. मला पुसूनबिसून टेबलाशी लावलं. "बसा गं, बसा! आणि जरा हसतमुख बसा," मुकादम म्हणाला. मावशी, सून आणि आणखी तिघी बसल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता काम करून दाखवा."

अहो, काय सांगू! टेबलाची कड पाचही जणींच्या हनुवटीला लागली. दाणे दिसेनात, हात वर करून नुसतं चाचपणं चाललेलं. सून फिसकन हसली. मुकादमाला घाम फुटला. मीही ओशाळलो. इतकी वर्षं रुबाब केला, पण माझे पाय आखूड आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा!

"रोज असंच करता?" बाईंनी विचारलं.

"रोज, मॅडम, रोज," मुकादम म्हणाला.

सुनेनं मावशीचा हात दाबला. "आई, गप्प राहा. काम जाईल."

तरी मावशी बोलली, "बाई, खोटं कशाला सांगू? आज पहिल्यांदाच बसलोय. म्हणून तर बाक बुटका आहे हे कळलं नाही कुणाला."

बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि गेल्या. फाटक लागलं तसा मुकादम खेकसला, "उठा! आणि मावशी, तू उद्यापासून येऊ नकोस."

मावशी उठायला लागली. सुनेनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"आई, बसा तुम्ही." मग मुकादमाकडे वळून, "तुम्हीच म्हणालात ना, बसा? बसलोय. आईंना काढलंत तर अशाच बसून राहू."

कुणी हललं नाही. बाकीच्या टेबलांवरच्या बायका आल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. बाहेर निवडलेली कॉफी न्यायला आलेला ट्रक ताटकळत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. दोन तासांनी मुकादमानं हात टेकले. मावशीचं काम राहिलं, सुताराला बोलावणं गेलं. तिचे कोपर टेबलावर टेकतील इतके माझे पाय त्यानं वाढवले.

जोड दुसऱ्या लाकडाचा आहे, दिसायला विचित्रच दिसतो. दिसू दे! पाच जणींचा भार पेलतोय मी रोज. मावशीची जखम भरत आलीय. बाकीच्या टेबलांना मात्र अजून बाक नाहीत. तिथल्या बायका दुपारी आळीपाळीनं येऊन माझ्या टोकाला घटकाभर टेकतात आणि पुन्हा जाऊन उभ्या राहतात. माझी लांबी पुरत नाही हो सगळ्यांना. तुम्ही कॉफी बसूनच पिता ना? मग त्यांनाही बसू द्या.